खडूच्या फुल्या

आमच्या गिरणीचं इंजिन बसवायला आलेल्या म्हाताऱ्याला कुणी ‘इंग्रज’ म्हटलं की त्याचा पारा चढायचा. आपण स्कॉटलंडचे, हे पहिल्या आठवड्यात त्याने मला निदान दहा वेळा ऐकवलं आणि दहाही वेळा मी ते कामगारांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या आणि अकराव्या वेळी पुन्हा ‘इंग्रज साहेब’च म्हणाले. त्यांच्या लेखी गोरा तो इंग्रज. खरं तर माझ्याही लेखी तेच होतं, पण त्याचं बोलणं मराठीत करून सांगायचे मला पैसे मिळत होते, म्हणून मी गप्प बसायचो. गप्प बसण्यात मी लहानपणापासून पटाईत. ही हकीकत त्या पटाईतपणाचीच आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नरडाण्याच्या अलीकडे आमची सहकारी सूतगिरणी नुकती उभी राहिली होती. वीज दिवसातून पाच-सहा तास हटकून जायची आणि सूत कातणाऱ्या चात्या जागच्या जागी थांबायच्या. म्हणून संचालक मंडळाने परदेशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं डिझेल इंजिन मोडीच्या भावात विकत घेतलं. पुरुषभर उंचीचं त्याचं फ्लायव्हील, म्हणजे ते जड फिरतं चाक, ट्रकमधून उतरवताना दोन क्रेन लागल्या. इंजिनाबरोबर ते बसवून द्यायला हा फिटर आला. साठी उलटलेली, खांदे रुंद, मान बैलासारखी, आणि डाव्या भुवईच्या वर हरभऱ्याएवढा खड्डा.

मी धुळ्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि गिरणीच्या ऑफिसात हंगामी कारकून होतो. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्याचं तोंडात गारगोट्या धरून बोलल्यासारखं. पहिले पंधरा दिवस मी निम्मं अंदाजाने सांगत होतो. पण कान सरावतात. महिन्याभरात मला त्याचं सगळं कळायला लागलं आणि मग ऑफिस सुटल्यावर गेस्ट हाउसच्या ओट्यावर त्याच्याशेजारी बसायची सवयच लागली. तो केळी सोलून खायचा आणि बोलायचा.

भुवईवरचा खड्डा फुटबॉलचा होता. त्या काळातला चेंडू चामड्याचा, वर बुटासारखी नाडी बांधलेली. त्यांच्याकडे बारा महिने पाऊस. चेंडू पाणी पिऊन असा जड व्हायचा की उंचावरून येणाऱ्या चेंडूखाली डोकं धरायला छाती लागे. आणि याचं कामच ते होतं. बचावफळीच्या मधोमध उभं राहायचं आणि आपल्या गोलावर चालून येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्याने उलटवून लावायचा. पंधरा वर्षं त्याने ते केलं. एकदा नाडीची गाठ कपाळात रुतली, तो हा खड्डा.

बाप कोळशाच्या खाणीत. मुलाने खाणीत उतरू नये म्हणून आईने त्याला इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लावला. दिवसा कारखाना, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. शहरातल्या एका बऱ्यापैकी क्लबाने त्याला घेतलं, तरी कारखाना सुटला नाही, कारण खेळाचे पैसे कारखान्यापेक्षा फार जास्त नव्हते. शनिवारी दुपारी हजारो माणसं त्याच्या नावाने ओरडायची आणि सोमवारी सकाळी फोरमन त्याच नावाने शिव्या घालायचा. देशाच्या संघात एकदाच बोलावणं आलं, तेही राखीव म्हणून, आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर. नवा कोट शिवून घेतला, आगगाडीने गेला, नव्वद मिनिटं बाकावर बसला आणि परत आला. हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही. आपल्याकडेही माणसं अशी राखीव बसून म्हातारी होतात, फक्त त्यांना कोट शिवून घ्यावा लागत नाही.

त्याच्या विसरण्याकडे माझं लक्ष कधी गेलं, ते नेमकं सांगता येणार नाही. म्हातारा माणूस, परका मुलुख, ऊन चाळिशीच्या वर. एकच गोष्ट दोनदा विचारली तर कोण मनावर घेतो? पण एका दुपारी तो शेडमधून गेस्ट हाउसला म्हणून निघाला आणि पोचलाच नाही. मधलं अंतर शंभर पावलांचं. तासाभराने तो मला नरडाणा स्टेशनच्या बाकावर सापडला. पॅसेंजरची वाट बघत होता. मला बघून त्याने भलत्याच नावाने हाक मारली आणि विचारलं, आपली गाडी किती वाजता? ते नाव त्याच्या गोलकीपरचं होतं, हे मला मागाहून कळलं.

मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून आणला. ओट्यावर पाणी प्यायला दिल्यावर तो भानावर आला आणि त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘तुझ्या चेअरमनला सांगू नकोस. घरी मला आता कुणी काम देत नाही. हे शेवटचं आहे, हे तरी मला नीट करून जाऊ दे.’ मग खिशातून खडूचा तुकडा काढून दाखवला. डोक्यात राहत नाही, म्हणून तो लोखंडावर लिहून ठेवायचा. फ्लायव्हील इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगला गोलाकार बोल्ट होते. नट हाताने बसवला की त्यावर एक रेघ. लांब पान्याने आणि हातोड्याच्या ठोक्याने पक्का आवळला की दुसरी रेघ आडवी. फुली म्हणजे काम झालं. ज्यावर फुली नाही, त्याकडे अजून बघायचं आहे. ‘सकाळी मी फुल्या वाचतो,’ तो म्हणाला, ‘आणि मग मला सगळं माहीत असतं.’

मी वचन दिलं. आणि ते पाळलंही, हे आधी सांगून ठेवतो. चेअरमनला मी एक शब्द बोललो नाही. आमच्या फिटर लोकांचा मुकादम होता, त्याला सगळे नाना म्हणत. धरणगावचा, पन्नाशीचा, आयुष्य जिनिंगमध्ये काढलेला माणूस. त्याने एकदा विचारलं, ‘भाऊ, हाई खडूनं काय शे?’ मी म्हणालो, सवय आहे त्याची. नाना समजायचं ते समजला असावा, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसानंतर म्हातारा माझ्याशी मोकळा झाला. आणि त्याने मला ते सांगितलं, जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एका मोठ्या चषकाचा उपांत्य सामना. मध्यंतराच्या जरा आधी चेंडूबरोबरच समोरच्या खेळाडूचं डोकं याच्या डोक्यावर आदळलं. हा पडला. त्या काळी सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू नसायचा. एक गेला की दहांनी खेळायचं. देखरेखीच्या माणसाने थंड पाण्याचा स्पंज मानेवर पिळला आणि विचारलं, ठीक आहेस ना? याला समोर कोण खेळतंय, किती गोल झालेत, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पाय थरथरत होते. हा म्हणाला, ठीक आहे. उत्तरार्धात त्याने चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे ढकलला, आणि गोलकीपर तिथे नव्हताच. तो भलतीकडे उभा होता. चेंडू सावकाश घरंगळत स्वतःच्याच गोलात गेला. त्या एका गोलाने सामना गेला.

‘पेपरांनी लिहिलं, चूक झाली,’ तो म्हणाला. ‘चूक नव्हती. मी तिथे नव्हतोच. आणि मला ते ठाऊक होतं. तोंड उघडून सांगायला हवं होतं.’

गोलकीपरला त्यानंतर क्लबाने काढलं. लोक म्हणाले, तो जागेवर नव्हता. याने तेव्हाही तोंड उघडलं नाही. पुढे गुडघा गेला, खालच्या क्लबात दोन वर्षं काढली आणि चौतिसाव्या वर्षी हा फक्त कारखान्याचा उरला. गोलकीपर त्याच्याच गल्लीत राहायचा. मरेपर्यंत रोज रस्त्यात भेटायचा आणि हा रोज हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

मी म्हणालो, झालं गेलं. माणूस असं बोलतो, कारण दुसरं काही सुचत नाही.

इंजिन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू करायचं ठरलं होतं. खान्देशात आखाजीपुढे दिवाळीही फिकी. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि त्या दिवशी पत्ते कुटले तर बायकोही रागावत नाही. चेअरमन आबांनी जिल्ह्यातल्या एका बड्या पुढाऱ्याला अकरा वाजताची वेळ दिली होती. आबा मला म्हणाले होते, ‘इंजिन सुरू झालं की तुझं कायमचं पत्र तिथल्या तिथे देतो. सगळ्यांसमोर.’ सही करून ठेवलेलं ते पत्र मी त्यांच्या टेबलावर बघितलं होतं. वडील दोंडाईच्याला अडत्याच्या दुकानात दिवाणजी, पाठची बहीण लग्नाची. कायम होणं म्हणजे काय, हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली आणि शेडमध्ये अंधारून आलं. म्हातारा हात पुसत बाहेर आला. म्हणाला, सकाळी तासाभराचं काम आहे, मग झालं. मला वाटलं, तेल भरायचं असेल, पुसापुशी असेल. तो गेस्ट हाउसला गेला. थोड्या वेळाने आबा बॅटरी घेऊन शेडमध्ये आले आणि प्रकाशाचा झोत फ्लायव्हीलवर टाकून थबकले.

‘हे काय रे? शाळेचा फळा आहे का हा? उद्या पूजा आहे, फोटोवाला येणार आहे. धुऊन काढा सगळं.’

मला फुल्या आठवल्या. अगदी स्पष्ट आठवल्या. काम होत आलंय, आता फुल्या कशाला, असं मनाशी म्हणून मी मोकळा झालो. नानाला बोलावून सांगितलं, सगळं इंजिन धुऊन घे, एक डाग दिसता कामा नये. नाना जरा घुटमळला. म्हणाला, ‘साहेबले इचारं का?’ मी म्हणालो, आबांचा हुकूम आहे.

नाना आणि त्याच्या पोरांनी मग हातचं राखलं नाही. आपल्याकडे यंत्राची पहिली पूजा म्हणजे लग्नघरच. केरोसीनमध्ये भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांनी आधी तेल काढलं, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडी फडकी. एकेक नट त्यांनी पितळी देवासारखा घासला. वर हळदीकुंकवाची बोटं, फ्लायव्हीलवर गंधाचं स्वस्तिक, झेंडूच्या माळा. ‘बठ्ठं चकाचक शे, भाऊ,’ असं नाना मला सांगून गेला.

सकाळी म्हातारा लवकर तयार झाला होता, पण आबांची जीप त्याला न्यायला आली. आखाजीला परदेशचा पाहुणा उपाशी बसला, असं व्हायला नको म्हणून आबांनी त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, आणि भाषेसाठी मला. मांड्याची घडी पाहून तो गोंधळला, रस मात्र वाटीभर प्यायला. पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. दोनदा मला म्हणाला, मला तास लागेल. मी त्याला म्हणालो, जेवून घ्या, वेळ आहे. आबांच्या पत्नी अक्का आग्रह करत होत्या, आबा मजेत होते. तिथून ऊठ म्हणायची माझी हिंमत नव्हती. निघेपर्यंत साडेदहा वाजले.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढारी येऊन बसले होते. कामगारांच्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, फोटोवाला स्टुलावर चढला होता. म्हातारा गर्दीतून वाट काढत फ्लायव्हीलजवळ गेला. त्याने एक माळ बाजूला सारली. मग दुसरी सारली. मग तो वाकून चाकाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथून हळूहळू परत आला.

मी बघत होतो. तो प्रत्येक नटाशी थांबत होता. बोट टेकवत होता. बोटाला कुंकू लागत होतं, ते तो बघत होता. मग त्याने खिशात हात घालून खडू काढला. खडूचा बारका तुकडा उरला होता. तो त्याने तळहातावर ठेवून पाहिला, पण तुकड्यावरून काय कळणार? तासाभराचं काम म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा समजलं. काही नट आवळायचे राहिले होते. कोणते, हे फक्त फुल्या सांगणार होत्या.

आबांनी मला खूण केली. ‘विचार, नारळ फोडायचा का?’

मी म्हाताऱ्याजवळ गेलो आणि विचारलं. त्याचा चेहरा घामाने निथळत होता. तो माझ्या कानाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘मी खुणा केल्या होत्या ना? तू बघितल्या होत्यास का?’

एका शब्दाचं काम होतं. हो. बघितल्या होत्या, काल संध्याकाळपर्यंत होत्या, आम्ही धुतल्या. माझ्यामागे चार हातांवर आबा उभे होते, त्यांच्या खिशात माझं पत्र. डाव्या हाताला नाना उभा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. नानाला इंग्रजी येत नव्हतं, पण म्हातारा काय विचारतोय, हे समजायला त्याला इंग्रजीची गरज नव्हती.

मी म्हणालो, ‘मला माहीत नाही.’

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला दिसलं. आपल्या डोक्यावर त्याचा आता इतकासुद्धा भरवसा उरला नव्हता. तो क्षणभर चाकाकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आता हा म्हणेल, सुरू करा. म्हणाला असता तर कुणी अडवलं नसतं. पुढारी घड्याळ बघत होते. आणि आधी एकदा, थंड पाण्याचा स्पंज मानेवर पिळला गेल्यावर, तो ‘ठीक आहे’ म्हणालाही होता.

तो वळला. डोक्यावरची टोपी काढली. उजव्या हाताची मूठ वळून आपल्या कपाळावर दोनदा ठोकली, दारावर ठोकतात तशी, आणि मोठ्याने म्हणाला, ‘मला आठवत नाही. हे सुरू करू नका. मी काय केलंय, ते मला आठवत नाही.’

मी ते मराठीत सांगितलं. बरोबर सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तेवढा मी प्रामाणिक होतो.

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. आबांचा चेहरा काळवंडला. ‘म्हणजे काय? दोन महिने पगार कशाचा खाल्ला याने? पाहुण्यांसमोर शोभा झाली. मुहूर्त टळला, त्याचं काय?’

तेव्हा नाना पुढे आला. हातात लांब पाना होता. ‘आबा, आज आखाजी शे. आज बठ्ठा दिवस मुहूर्त शे. आम्ही बठ्ठं खोलतस आनि पहिलेपासून आवयतस. दिवा लागाना येळले सुरू करू.’

आबांना ते मान्य करावं लागलं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यात घटका-पळं कोण मोजतो? पुढाऱ्यांनी नारळ तसाच वाढवला, फोटो काढून घेतला आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून निघून गेले. बायका ताटं घेऊन झाडाखाली जाऊन बसल्या. म्हाताऱ्याने टाय काढून खिशात कोंबला, बाह्या वर केल्या आणि नानाबरोबर पहिल्या नटाला हात घातला.

वरच्या बाजूचे नट घट्टच होते. सैल करायलाच दोघांना लटकावं लागत होतं. आबा कंबरेवर हात ठेवून उभे होते आणि प्रत्येक नटाला त्यांचा चेहरा अधिकच कडू होत होता. बघा, सगळं पक्कं होतं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग नाना चाकाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेला. थोड्या वेळाने त्याने आबांना हाक मारली. मीही गेलो. नानाने पाना एका नटाला लावला. एका बोटाने ओढला. नट गरागरा फिरला. शेजारचाही फिरला. तसे चार होते, सलग.

ते चाक पूर्ण वेगात आल्यावर काय झालं असतं, हे जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ताटं घेतलेल्या बायका सकाळी नेमक्या तिथे, भिंतीच्या बाजूला उभ्या होत्या. नानाची सूनही त्यांत होती.

आबा बाहेर गेले. म्हातारा ते चार नट बघत राहिला आणि त्याने पुन्हा खिशातला तुकडा काढला. आता आवळलेल्या प्रत्येक नटावर तो फुली करत होता, कुंकवाच्या बोटांवरच. पोरांपैकी कुणी हसलं नाही.

मी पाणी प्यायला माठाजवळ गेलो, तर मागून नाना आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘धुवाले तूच सांगेल व्हतं ना, भाऊ?’

मी म्हणालो, आबांचा हुकूम होता.

‘आबाले खडूनं माहीत नव्हतं,’ नाना म्हणाला. मग पेला धुऊन माठावर पालथा घातला आणि कामाला गेला.

दिवे लागायच्या वेळेला इंजिन सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं बिनतक्रार चाललं. त्या संध्याकाळी पत्र वगैरे कुणी वाटलं नाही. माझं मला पुढच्या महिन्यात टपालासारखं टेबलावर मिळालं. म्हाताऱ्याची मुदत अजून तीन आठवडे होती, पण आबांनी चौथ्या दिवशीचंच तिकीट काढलं. डोक्याने गेलेला माणूस ठेवून काय करायचं, असं म्हणाले. आणि तो डोक्याने गेलाय, हे त्याने स्वतःच तीनशे माणसांसमोर सांगितलेलं होतं.

जळगाव स्टेशनवर त्याला मुंबईच्या गाडीत बसवायला मीच गेलो. नानाने त्याच्यासाठी केळ्यांची फणी दिली होती. गाडी यायच्या आधी तो म्हणाला, ‘गंमत आहे. मी शपथेवर सांगितलं असतं, मी फुल्या केल्या होत्या. हाताला आठवत होतं.’ मी हमालाशी उगाच घासाघीस करत राहिलो. गाडी हलल्यावर त्याने खिडकीतून मला हाक मारली. नाव गोलकीपरचं होतं. मी हात हलवला.

त्या हिवाळ्यात मी त्याला पत्र लिहिलं. झोप लागेना, म्हणून लिहिलं, दुसरा काही मोठेपणा नव्हता. लिहिलं की तुम्ही फुल्या केल्या होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आमच्याकडे पूजेआधी यंत्र धुतात, तशा कामगारांनी त्या अजाणता धुतल्या. तुमचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर होतं.

उत्तर त्याच्या बायकोचं आलं, तेही चार-पाच महिन्यांनी. अक्षर सुवाच्य, शाळेतल्या बाईंसारखं. तिने लिहिलं होतं की आता त्यांना घरातली माणसंही ओळखू येत नाहीत, पण ते आखाजीचं इंजिन मनात रुतून बसलंय आणि आपण काम अर्धवट टाकलं म्हणून ते स्वतःला कोसत असतात. ‘दर रविवारी जेवणानंतर मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवते. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. म्हणजे मी खुणा केल्या होत्या, म्हणतात, आणि मग दिवसभर घरात बरे असतात. आता कागद घडीवर फाटलाय. तुम्ही पुन्हा लिहून पाठवाल का? जरा जाड कागदावर.’

ते पत्र मी आठ दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. जसंच्या तसं उतरवून पाठवलं असतं, तर तो दर रविवारी खूश होणार होता आणि दर रविवारी दोष नानाच्या पोरांवर जाणार होता. खरं लिहिलं, तर आपण ज्याच्यावर भरवसा ठेवला तो तोंडावर खोटं बोलला, हे त्याने दर आठवड्याला नव्याने ऐकायचं. शेवटी मी गिरणीच्या खतावणीचा जाड कागद घेतला आणि लिहिलं. धुवायला मी सांगितलं होतं. फुल्यांचा अर्थ तुम्ही मला एकट्याला सांगितला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवत होतं, आणि मी ‘माहीत नाही’ म्हणालो.

तीन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. पाच-सहा ओळींचंच होतं. तिने पत्र होतं तसं वाचून दाखवलं होतं, काही गाळलं नव्हतं. ऐकून झाल्यावर, तिने लिहिलं होतं, ते म्हणाले, ‘पोराने सांगायला हवं होतं. पण पाय थरथरत असतात त्या वेळी, मला माहीत आहे.’ पुढच्या रविवारीही ते हेच म्हणाले, आणि त्याच्या पुढच्याही.